कुत्र्याने नको ते गिळले तर: पहिल्या अर्ध्या तासात काय करावे, काय टाळावे

आमच्याकडे मे महिन्यात आमरसाचा बेत असला की जेवणे आटोपल्यावर कोयी मोजल्या जातात. आठ आंबे पिळले असतील तर आठ कोयी डब्यात पडल्याची खात्री झाल्याशिवाय स्वयंपाकघराचे दार उघडत नाही. ही शिस्त आम्हाला चिंगीने लावली. चिंगी म्हणजे आमची सत्तावीस किलोची लॅब्रॅडॉर कुत्री. एका दुपारी ओट्याखाली घरंगळलेली कोय तिने उचलली, सासूबाई "अगं सोड, सोड" करत तिच्यामागे धावल्या, आणि तोंडातला ऐवज आता हातचा जाणार असे दिसताच चिंगीने तो न चावता घशाखाली घातला. "कोयच ती, शीवाटे निघून जाईल" या घरगुती निदानावर आम्ही दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी ती प्यायलेले पाणीसुद्धा ओकू लागली. एक्स-रेमध्ये कोय नीट दिसली नाही, सोनोग्राफीत दिसली, आणि संध्याकाळी पोट उघडावे लागले. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी स्टीलच्या ट्रेमधून ती आणून दाखवली, तेव्हा तिच्यावरचे तंतू झडून गेले होते आणि पित्ताने ती हिरवट काळी पडली होती. त्याच दुपारी आम्ही फोन केला असता, तर कोय जठरात असतानाच तिचे काय करायचे हे डॉक्टरांना ठरवता आले असते. आम्ही थांबलो तेवढ्यात ती लहान आतड्यात उतरून घट्ट बसली होती.

कुत्र्याने काही गिळले की घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच येते, ते म्हणजे ताबडतोब ओकायला लावणे. प्रत्यक्षात ओकायला लावावे की नाही हे काय गिळले, किती गिळले आणि केव्हा गिळले या तीन उत्तरांवर अवलंबून असते, आणि ही उत्तरे हातात येण्याआधी केलेला उपाय पुष्कळदा मूळ वस्तूपेक्षा जास्त नुकसान करतो. म्हणून पहिली पाच-दहा मिनिटे औषधाची नाहीत, माहिती गोळा करण्याची आहेत. याला अपवाद एकच: श्वास अडकलेला असेल तर बाकी सारे सोडून आधी तो मोकळा करावा लागतो.

वस्तू अजून तोंडातच असेल तर

आरडाओरडा करू नये आणि पाठलागही करू नये. कुत्र्याच्या हिशेबी जे हिसकावले जाण्याची शक्यता आहे ते लवकरात लवकर पोटात घालणे हाच शहाणपणा असतो. त्याऐवजी शांतपणे फ्रीज उघडावा, उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा काढून जमिनीवर थोडा दूर टाकावा आणि तो तिकडे वळला की टाकलेली वस्तू पायाखाली दाबावी. "सोड" हा शब्द एरवीच अदलाबदलीच्या खेळातून शिकवून ठेवलेला असेल तर उत्तमच. पण तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा किंचाळून उच्चारला तर त्याचा अर्थ कुत्र्याला "गीळ" असाच लागतो.

श्वास अडकला असेल तर

कुत्रा पुढच्या पंजांनी तोंड ओरबाडत असेल, मान ताणून आवाज न करता श्वास घ्यायचा प्रयत्न करत असेल, जीभ व हिरड्या निळसर पडत असतील, तर श्वासनलिकेत काही अडकले आहे असे समजावे. जोरजोरात खोकणाऱ्या कुत्र्याला मात्र खोकू द्यावे, कारण त्याचा श्वास अजून चालू आहे आणि खोकला हा आपल्या कोणत्याही उपायापेक्षा प्रभावी असतो.

एकाने कुत्र्याला धरावे आणि दुसऱ्याने जबडा उघडून, जीभ पुढे ओढून उजेडात पाहावे. वस्तू स्पष्ट दिसत असेल आणि बोटांच्या चिमटीत येत असेल तरच ती काढावी. न दिसणारी वस्तू बोटांनी चाचपू नये. चेंडूसारखी गोल वस्तू अशाने आणखी खोल जाते. ती दिसत नसेल तर लहान कुत्र्याला मागच्या पायांना धरून उचलावे, म्हणजे डोके खाली येईल. मोठ्या कुत्र्याचे फक्त मागचे पाय, हातगाडीच्या दांड्या उचलाव्यात तसे, उचलावेत. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. तरीही सुटका झाली नाही तर त्याच्या पाठीमागून दोन्ही हात पोटाभोवती घालून, बरगड्या संपतात त्याच्या लगेच मागे मूठ ठेवून, आत आणि पुढच्या बाजूला पाच झटके द्यावेत, आणि पुन्हा तोंडात पाहावे.

कुत्रा बेशुद्ध पडून श्वास थांबला तर त्याला कुशीवर आडवे करावे, तोंडात काही दिसत असल्यास काढावे आणि छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा या वेगाने दाबावी; छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्मी इतकी ती दबली पाहिजे. ३० दाबांनंतर तोंड बंद धरून नाकावाटे २ वेळा हवा फुंकावी आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत हे चालू ठेवावे.

येथे एक इशारा आपल्या देशात द्यायलाच हवा. खालचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, अशा कुत्र्याच्या "घशात हाड अडकले असावे" असे वाटून लोक तोंडात हात घालतात. रेबीजची लक्षणेही नेमकी अशीच असतात. कुत्रा अनोळखी असेल, किंवा आपला असूनही त्याचे लसीकरण झालेले नसेल आणि त्याला काही गिळताना कोणी पाहिले नसेल, तर उघड्या हाताने त्याच्या तोंडाला स्पर्श करू नये. चुकून केलाच असेल तर हात साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवून त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांना गाठावे.

फोन करण्याआधी गोळा करायची माहिती

श्वास ठीक आहे असे दिसल्यावर आधी उरलेला माल कुत्र्यापासून दूर करावा, आणि घरात दुसरे कुत्रे किंवा मांजर असेल तर त्यालाही वेगळ्या खोलीत ठेवावे, कारण किती कोणी खाल्ले हे नंतर कळत नाही. मग फाटलेले पाकीट, गोळ्यांची पट्टी, चावलेला डबा जे काही हाती लागेल ते प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवावे व त्यावरील छापील मजकुराचा फोटो काढावा. पट्टीवर दहा गोळ्या होत्या, चार शिल्लक आहेत, दोन सोफ्याखाली सापडल्या, म्हणजे जास्तीत जास्त चार पोटात गेल्या, असा हिशेब मांडावा. शंका असेल तिथे मोठा आकडा धरावा. कुत्र्याचे वजन माहीत असणे इथे फार महत्त्वाचे आहे, कारण सगळे विषाचे गणित किलोमागे चालते. वजन माहीत नसेल आणि कुत्रा उचलता येण्यासारखा असेल तर त्याला घेऊन काट्यावर उभे राहावे आणि मग आपले वजन वजा करावे.

फोनवर डॉक्टरांना "आमच्या कुत्र्याने काहीतरी खाल्लंय, लवकर सांगा" असे न म्हणता "बारा किलोचा बीगल, वय तीन, वीस मिनिटांपूर्वी अमुक गोळीच्या बहुधा चार गोळ्या, अजून उलटी नाही, चालतोय व्यवस्थित" असे सांगितले तर निर्णय एका मिनिटात होतो.

ओकायला लावण्याबद्दल

खाल्ल्यापासून साधारण दोन तासांच्या आत उलटी करवली तर तिचा उपयोग होतो; चॉकलेट आणि द्राक्षे जठरात जास्त वेळ रेंगाळतात, तेथे थोडी अधिक सवड मिळते. पण ही उलटी दवाखान्यात, इंजेक्शन देऊन करवलेली चांगली, आणि तीही जठरातला सगळा माल बाहेर आणत नाही. बरेचदा निम्माच येतो. त्यामुळे उलटी झाली म्हणजे प्रश्न मिटला असे धरून घरी परतू नये.

काही परिस्थितींत तर उलटी करवणे हाच मोठा धोका असतो. संडास साफ करण्याचे ॲसिड, नळ मोकळा करण्याची कॉस्टिकची पूड, ब्लीच असे जाळणारे पदार्थ जाताना एकदा अन्ननलिका भाजतात आणि येताना पुन्हा भाजतात. रॉकेल, पेट्रोल, थिनर, टर्पेंटाइन हे उलटीच्या वेळी फुप्फुसात उतरतात. सुई, ब्लेड, काच, हाडाची कपची, बटनसेल यांना उलट्या वाटेने आणू नये. कुत्रा गुंगीत असेल, त्याला झटके येत असतील, तो आधीच ओकत असेल, किंवा तो पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या जातीचा असेल, तर घरी हा प्रयोग अजिबात करू नये.

आता मिठाच्या पाण्याविषयी. हा सल्ला आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आला आहे आणि तो घातक आहे. मूठभर मीठ पाण्यात कालवून घशात ओतले आणि उलटी झाली नाही, तर रक्तातले सोडियम इतके वाढते की मेंदूवर परिणाम होऊन झटके येऊ शकतात. म्हणजे एका चॉकलेटच्या तुकड्यावरून सुरुवात होऊन कुत्रे मिठाने दगावते. घशात बोटे घालणेही निरुपयोगी, कारण माणसासारखी उलटी कुत्र्याला त्याने सहसा होत नाही, चावा मात्र बसतो.

हायड्रोजन पेरॉक्साइडचे प्रमाण परदेशी संकेतस्थळांवर वाचून तसे देणारे पुष्कळ आहेत. तेथील आकडे ३ टक्के द्रावणाचे असतात. आपल्याकडे केमिस्टकडे मिळणाऱ्या बाटलीवर बहुधा "२० व्हॉल्यूम" असे लिहिलेले असते आणि ते द्रावण ६ टक्के, म्हणजे दुप्पट तीव्र असते. ३ टक्क्यांनीसुद्धा जठराच्या अस्तराला जखमा होतात, तिथे दुपटीचे काय सांगावे. फोनवरील डॉक्टरांनी बाटलीवरचा आकडा विचारून, प्रमाण सांगून द्यायला सांगितले तरच द्यावे, एरवी बाटलीला हात लावू नये.

दुधाने विष उतरते ही समजूतही सोडायला हवी. डांबरगोळ्यांसारखे पदार्थ स्निग्धात विरघळतात, त्यामुळे दूध-तूप दिल्याने ते उलट लवकर अंगात भिनतात. ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे पोटातले विष धरून ठेवणारी खास प्रक्रिया केलेली कोळशाची पूड, हे खरे औषध आहे, पण त्याचे प्रमाण डॉक्टर ठरवतात. झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा एक गोड पदार्थ), मद्य आणि धातूंवर ते चालत नाही, आणि गुंगीतल्या कुत्र्याला पाजले तर फुप्फुसात जाऊन जिवावर बेतते. शेगडीतला कोळसा कुटून देणे म्हणजे तर निव्वळ कोळसा खाऊ घालणे.

विषारी काय, आणि किती

सर्वांत जास्त घोटाळा उंदराच्या औषधाबाबत होतो, कारण त्या एकाच नावाखाली संपूर्ण वेगळी विषे विकली जातात. रंगीत केक किंवा गोळ्यांच्या स्वरूपात येणारे ब्रोमाडिओलोनसारखे विष रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडते. ते खाल्ल्यावर कुत्रा तीन-चार दिवस अगदी धडधाकट दिसतो, शेपूट हलवतो, जेवतो, आणि घरचे निश्चिंत होतात. मग अचानक हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते, खोकल्यातून किंवा शीवाटे रक्त येते, कधी आत छातीतच रक्त साठते. यावर के१ जीवनसत्त्व हा नेमका उतारा आहे, तो तीन-चार आठवडे द्यावा लागतो, आणि शेवटच्या मात्रेनंतर दोन-तीन दिवसांनी रक्त गोठण्याची तपासणी करून मगच थांबवायचा असतो. म्हणजे ज्या कुत्र्याने रंगीत केक खाल्ला आहे, त्याला काहीही होत नसतानाच दवाखान्यात न्यायचे.

दुसरे विष म्हणजे झिंक फॉस्फाइड, म्हणजे पिठाच्या गोळ्यांत मिसळायची ती राखाडी-काळी पूड. जठरातल्या आम्लाशी संयोग होऊन तिच्यापासून फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो आणि लक्षणे बहुतेकदा काही तासांतच दिसतात. इथे कुत्र्याला काहीही खायला देऊ नये, कारण अन्नाने आम्ल वाढते आणि वायूही वाढतो. त्याच्या उलटीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो आणि तो वायू माणसांनाही बाधतो. गाडीत नेताना सगळ्या काचा खाली असाव्यात. वाटेत उलटी झालीच तर गाडी थांबवून सर्वांनी आधी बाहेर पडावे. दवाखान्यात शिरण्यापूर्वीच हे विष आहे असे डॉक्टरांना सांगावे. दोन्ही विषांत करायचे उपाय वेगळे असल्याने पाकीट सोबत नेणे येथे खरोखर जीव वाचवते.

चॉकलेटमधील थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. दुधाच्या चॉकलेटमध्ये ते ग्रॅममागे सुमारे २ मिलिग्रॅम, डार्क चॉकलेटमध्ये सुमारे ५, आणि कोको पावडरीत त्याहून कितीतरी जास्त असते. किलोमागे २० मिलिग्रॅमपासून उलट्या, अस्वस्थपणा सुरू होतो, ४० ते ५० पासून हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या पुढे झटके येतात. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याने डार्क चॉकलेटची शंभर ग्रॅमची वडी फस्त केली तर ५०० मिलिग्रॅम पोटात गेले, किलोमागे ५०. ही थांबून पाहण्याची वेळ नव्हे. त्याच कुत्र्याने दुधाच्या चॉकलेटचा दहा ग्रॅमचा तुकडा खाल्ला असेल तर किलोमागे २ मिलिग्रॅम भरतात, आणि तेवढ्याने धावाधाव करण्याचे कारण नसते. दिवाळीत आणि राखीला घरात चॉकलेटचे खोके येतात तेव्हा हे गणित हाताशी असावे.

द्राक्षे, मनुका, बेदाणे यांचे असे गणित मांडता येत नाही. एखाद्या कुत्र्याला मूठभर खाऊन काही होत नाही, तर दुसऱ्याची मूत्रपिंडे थोडक्यानेच निकामी होतात, म्हणून कोणतेही प्रमाण धोक्याचे धरावे. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यांनी याचे कारण द्राक्षांतील टार्टारिक आम्ल असावे असे मांडले, आणि त्यानंतर चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही मूत्रपिंडांना असाच अपाय झाल्याचे नोंदले गेले. आपल्या स्वयंपाकघरात चिंचेचा कोळ काढून उरलेला चोथा उघड्या डब्यात जातो, तेव्हा ही गोष्ट आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त लागू आहे. शिरा, लाडू, खीर, पुलाव यांतले बेदाणेही मोजण्यात धरावेत.

कांदा-लसूण कच्चा असो, शिजलेला असो वा पूड असो, तांबड्या पेशी फोडतो. त्याचा अशक्तपणा आणि तांबूस-तपकिरी लघवी काही दिवसांनी दिसते. भाजीतला चमचाभर कांदा मोठ्या कुत्र्याला आजारी पाडत नाही, पण दहा किलोच्या कुत्र्याने पन्नासेक ग्रॅमच्या पुढे कांदा खाल्ला तर फोन करावा. साखरविरहित च्युइंग गम, काही टूथपेस्टी आणि मधुमेहींसाठीचे पदार्थ यांत झायलिटॉल असू शकते. ते किलोमागे ०.१ ग्रॅमपासूनच रक्तातली साखर धाडकन उतरवते, कधी अर्ध्या तासात, आणि जास्त प्रमाणात यकृत निकामी करते.

माणसांच्या गोळ्यांपैकी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांविषयी बहुतेकांना आता माहिती असते. ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही ती म्हणजे आठवड्याला एक घ्यायची ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी. ती गोड असते किंवा मऊ कॅप्सूल असते, आणि जीवनसत्त्वच म्हणून टीपॉयवर पडून राहते. दहा किलोच्या कुत्र्याने अशा चार गोळ्या खाल्ल्या तर पुढच्या एक ते तीन दिवसांत रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडू शकतात. एका गोळीसाठीसुद्धा फोन करावा.

गच्चीत, बाल्कनीत झाडे असतील तर कण्हेर, धोत्रा, सायकस आणि एरंडाच्या बिया यांपासून कुत्र्याला दूर ठेवावे. कुंडीत खत म्हणून घातलेली एरंडी पेंड कुत्र्यांना खमंग वाटते आणि ते माती उकरून ती खातात. नीट उष्णता न दिलेल्या पेंडीत रिसिन हे तीव्र विष शिल्लक असते. शेतावर किंवा रस्त्यावर कीटकनाशक पोटात गेलेले कुत्रे लाळ गाळते, डोळ्यांतून पाणी येते, अंग थरथरते, बाहुल्या टिंबासारख्या होतात. त्याला घरी काही करत बसू नये, सरळ उचलून न्यावे.

विषारी नाही, पण अडकणारे

बटनसेल ही यातली सर्वांत घाईची वस्तू. ती अन्ननलिकेत अडकली तर विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने भोवतालची त्वचा जळायला लागते आणि हे काही तासांचे काम असते. रिमोटमधला सेल गायब आणि रिमोटवर दातांच्या खुणा, एवढा पुरावा एक्स-रेसाठी पुरेसा आहे.

दोरा, मांजा, रिबीन, सलवारीची नाडी, फाटलेल्या मोज्याचे धागे हे दिसायला निरुपद्रवी आणि आत गेल्यावर भयंकर असतात. एक टोक कुठेतरी अडकते, आतडे पुढे ढकलत राहते, आणि नाडी ओवलेल्या नेफ्यासारख्या आतड्याला चुण्या पडून शेवटी दोरा ते कापतो. म्हणून तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तरी तो ओढू नये. संक्रांतीनंतर महिनाभर गच्चीत नायलॉन मांजाचे तुकडे सापडत राहतात, ते उचलून टाकावेत. किनाऱ्यावरच्या गावांत आमिषासकट गळ गिळलेला कुत्रा आणला जातो, तिथेही दोरी ओढू नये आणि ती तोंडाशी कापूही नये. गळ काढताना डॉक्टरांना तीच उपयोगी पडते.

शिजवलेली हाडे ठिसूळ होऊन त्यांच्या टोकदार कपच्या निघतात. कुत्र्याने रविवारचे चिकनचे हाड गिळलेच असेल तर ओकवू नये, डॉक्टरांना कळवून लक्ष ठेवावे. मटणाची नळी कधीकधी कडे घातल्यासारखी खालच्या जबड्यात, सुळ्यांच्या मागे अडकून बसते. कुत्रे घाबरून सैरावैरा होते, पण श्वासाला धोका नसतो. थोडे तेल लावून अलगद फिरवून पाहावे, निघाली नाही तर घरच्या करवतीने कापत न बसता कुत्र्याला दवाखान्यात न्यावे. मक्याचे बुरकुंड, कोय, मोजे, सॅनिटरी पॅड, डायपर आणि लहान मुलांचे रबरी चेंडू या नेहमीच्या आतडे अडवणाऱ्या वस्तू आहेत. अमेरिकेत राहणाऱ्यांनी नाण्यांचीही धास्ती घ्यावी: १९८२ नंतरची तिथली पेनी म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेले जस्त असते, आणि जठरात विरघळणारे जस्त तांबड्या पेशी फोडते.

घरी लक्ष ठेवायला सांगितले असेल तर

डॉक्टरांनी "वस्तू लहान आहे, वाट पाहू" असे सांगितले, तर वाट पाहणे म्हणजे नेमके काय ते समजून घ्यावे. प्रत्येक शी काठीने मोडून पाहावी. काम किळसवाणे आहे, पण वस्तू बाहेर आली हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही. दोन-तीन दिवसांत ती आली नाही तर पुन्हा फोन करावा, कुत्रा ठणठणीत असला तरी, कारण कोय किंवा मोजा जठरात काही आठवडे मुक्काम करून मग पुढे सरकू शकतो. पुन्हा पुन्हा उलटी, पाणीही न टिकणे, जेवणाकडे तोंड फिरवणे, पोटाला हात लावू न देणे, शी न होणे किंवा नुसते कुंथणे, पुढचे पाय जमिनीवर पसरून मागचा भाग उंच ठेवून उभे राहणे, यांपैकी एक जरी दिसले तरी सकाळपर्यंत थांबू नये.

हिरड्या तपासायला आजच शिकावे, कुत्रा निरोगी असताना. ओठ वर करून हिरडीवर बोट दाबावे. ती पांढरी होते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. आपल्या कुत्र्याचा नेहमीचा गुलाबी कसा दिसतो हे ठाऊक असेल तरच फिका, पिवळा किंवा निळा ओळखता येतो. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. गुदद्वारातून घेतलेले तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. माणसाच्या हिशेबाने तो ताप वाटेल, कुत्र्याचा नाही.

रात्रीची तजवीज

हे प्रसंग दवाखाना उघडा असताना घडत नाहीत, निदान आमच्याकडे तरी नाही. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना "रात्री अकरानंतर कुठे न्यायचे" हे आजच विचारून घ्यावे आणि तेथे एक्स-रे, सोनोग्राफी, एण्डोस्कोपी यांपैकी काय आहे तेही विचारावे. मुंबईत परळचे जुने प्राण्यांचे रुग्णालय, ज्याला लोक अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, बहुतेकांना ठाऊक असते. परळ, नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडूनही दवाखाने आहेत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचा भर गुराढोरांवर असला तरी तिथले डॉक्टर कीटकनाशकाची विषबाधा शहरातल्या अनेकांपेक्षा जास्त वेळा हाताळतात, त्यामुळे गावाकडे असताना त्यांना टाळू नये. मोठ्या कुत्र्याला रिक्षात घेईनात तेव्हा कोणाची गाडी मागायची हेही आधी ठरलेले असावे.

आमच्या फ्रीजच्या दारावर एक कागद चिकटवला आहे. त्यावर चिंगीचे वजन, दर तीन महिन्यांनी खोडून नव्याने लिहिलेले, तिला कशाची ॲलर्जी आहे ते, दिवसाचा फोन, रात्रीचा फोन, आणि खाली सासूबाईंच्या अक्षरात, "मीठ पाजू नये. दोरा ओढू नये. कोयी मोजाव्यात."